पॉवरपॉइंटमधील व्हिडिओ चालत नसेल तर तपासणी कुठून सुरू करावी

पॉवरपॉइंटच्या सादरीकरणातील व्हिडिओ ऐन वेळी चालला नाही, की पहिला संशय प्रोजेक्टरवर किंवा त्याच्या केबलवर घेतला जातो. वास्तविक संगणकाकडून आलेले चित्र भिंतीवर दाखवणे एवढेच प्रोजेक्टरचे काम असते. लॅपटॉपच्या स्वतःच्या पडद्यावरही व्हिडिओच्या जागी काळी चौकट दिसत असेल, तर केबल बदलून काहीही साधत नाही. अशा वेळी व्हिडिओ नेमका कुठे ठेवलेला आहे, हे सर्वांत आधी पाहावे आणि मगच तो कोणत्या प्रकारचा आहे याकडे वळावे. हा क्रम उलटा धरल्यास जी फाइल मुळात जागेवरच नाही, तिचे रूपांतर करण्यात विनाकारण वेळ जातो.

पॉवरपॉइंट २००७ आणि त्याआधीच्या आवृत्त्यांत व्हिडिओ सादरीकरणाच्या आत साठवलाच जात नसे. फाइलमध्ये केवळ त्याचा पत्ता लिहिलेला असे. २०१० च्या आवृत्तीपासून व्हिडिओ थेट आत बसवण्याची सोय झाली. तरीही व्हिडिओ घालताना ‘इन्सर्ट’ बटणाशेजारच्या बाणावरून ‘लिंक टु फाइल’ निवडले गेले असेल, तर आजही फक्त पत्ताच साठवला जातो. घरच्या संगणकावर सारे सुरळीत चालते, पण तेच सादरीकरण पेनड्राइव्हवरून सभागृहातल्या संगणकावर उघडले, की पॉवरपॉइंट तो व्हिडिओ घरच्या डी ड्राइव्हवरच्या एखाद्या फोल्डरमध्ये शोधत बसते आणि तो सापडत नाही. हे ओळखण्याचा सोपा मार्ग म्हणजे ‘फाइल’ आणि त्याखालील ‘इन्फो’ या पानावर जाऊन उजव्या बाजूला ‘एडिट लिंक्स टु फाइल्स’ दिसते का, ते पाहणे. ते दिसत असल्यास त्यावर टिचकी मारावी, म्हणजे कोणत्या फाइलचे पत्ते बाहेरचे आहेत हे कळते. त्याच चौकटीतील ‘ब्रेक लिंक’ वापरून पुष्कळदा व्हिडिओ आत आणता येतो. ते न जमल्यास जुना व्हिडिओ पुसून मूळ फाइल नव्याने घालावी.

याहून पक्का पुरावा हवा असेल, तर सादरीकरणाची एक प्रत काढावी आणि त्या प्रतीच्या नावातील शेवटचे पीपीटीएक्स खोडून तेथे झिप असे लिहावे. पीपीटीएक्स ही मुळात झिप पद्धतीने बांधलेली फाइलच असते, त्यामुळे ती लगेच उघडते. त्यातील पीपीटी या फोल्डरमध्ये मीडिया नावाचा फोल्डर सापडतो. त्यात ‘मीडिया१’, ‘मीडिया२’ अशा नावांच्या एमपी४ फाइली असतील, तर व्हिडिओ खरोखर आत आहे. तेथे केवळ जेपीजी किंवा पीएनजी चित्रे असतील, तर स्लाइडवर दिसणारी चौकट ही व्हिडिओच्या पहिल्या दृश्याचे चित्र आहे आणि खरा व्हिडिओ दुसरीकडे राहिलेला आहे. विंडोजने फाइलींची शेवटची अक्षरे लपवलेली असल्यास ती आधी ‘व्ह्यू’मधून दिसती करून घ्यावीत, नाहीतर नाव बदलूनही फाइलचा प्रकार तोच राहतो.

व्हिडिओ आत असूनही चालत नसेल, तर प्रश्न बहुतेक वेळा कोडेकचा, म्हणजे व्हिडिओ संकुचित करण्याच्या आणि पुन्हा उलगडण्याच्या पद्धतीचा असतो, आणि सर्वाधिक गैरसमज याच बाबतीत आढळतो. एमपी४ हे केवळ वेष्टन आहे. आतले चित्र कोणत्या पद्धतीने संकुचित केले आहे, हे त्या नावावरून कळत नाही. एकाच नावाच्या दोन एमपी४ फाइलींपैकी एक एच.२६४ मध्ये आणि दुसरी एच.२६५ मध्ये, म्हणजेच एचईव्हीसीमध्ये असू शकते. पहिली जवळपास कोणत्याही संगणकावर चालते. दुसरीसाठी विंडोजमध्ये ‘एचईव्हीसी व्हिडिओ एक्स्टेन्शन्स’ हा घटक असावा लागतो. काही लॅपटॉपांत तो उत्पादकाने आधीच घातलेला असतो, इतरांसाठी तो मायक्रोसॉफ्ट स्टोअरमधून वेगळा घ्यावा लागतो. आपल्या लॅपटॉपवर चाललेला व्हिडिओ महाविद्यालयाच्या संगणकावर काळा पडतो, त्यामागे पुष्कळदा हेच कारण असते. आयफोनने २०१७ साली आलेल्या आयओएस ११ पासून चित्रीकरणासाठी एचईव्हीसीचा अवलंब केला, आणि अनेक अँड्रॉइड फोनमध्येही तसा पर्याय असतो. त्यामुळे फोनवरून थेट घेतलेल्या व्हिडिओबाबत ही शंका आधी घ्यावी. पुढच्या चित्रीकरणासाठी आयफोनच्या ‘सेटिंग्ज’मध्ये ‘कॅमेरा’ आणि त्यात ‘फॉरमॅट्स’ येथे जाऊन ‘मोस्ट कम्पॅटिबल’ निवडून ठेवलेले बरे.

“पण हा व्हिडिओ व्हीएलसीमध्ये तर व्यवस्थित चालतो,” हे वाक्य अशा प्रसंगी हमखास ऐकू येते. त्यावरून व्हिडिओ खराब झालेला नाही एवढेच सिद्ध होते, त्याहून अधिक काही नाही. व्हीएलसी हे व्हिडिओ चालवणारे सॉफ्टवेअर स्वतःचे कोडेक स्वतःबरोबर घेऊन येते, तर पॉवरपॉइंट विंडोजमध्ये जे उपलब्ध असेल त्यावर अवलंबून असते. तपासणीसाठी मात्र व्हीएलसी उत्तम. त्यात व्हिडिओ उघडून कंट्रोल आणि जे ही बटणे एकत्र दाबली, की कोडेकची माहिती देणारी खिडकी उघडते. तेथे व्हिडिओच्या ओळीत ‘एच२६४’ आणि ध्वनीच्या ओळीत ‘एएसी’ लिहिलेले असेल, तर ही जोडी योग्य आहे; पॉवरपॉइंट २०१३ आणि पुढील आवृत्त्यांसाठी मायक्रोसॉफ्ट हीच जोडी सुचवते. ‘एचईव्हीसी’ दिसल्यास रूपांतर करून घेणेच सुरक्षित. डब्ल्यूएमव्ही प्रकारच्या व्हिडिओ फाइली विंडोजवर चालतात, पण सादरीकरण मॅकवर दाखवायचे असल्यास त्यांच्यावर विसंबू नये.

रूपांतरासाठी हँडब्रेक हे मोफत सॉफ्टवेअर पुरेसे आहे. त्यात फाइल उघडून ‘फास्ट १०८०पी३०’ हा तयार पर्याय निवडावा, वेष्टन एमपी४ असल्याची खात्री करावी आणि ‘स्टार्ट एन्कोड’ दाबावे. त्यातून एच.२६४ आणि एएसी असलेली फाइल मिळते. चार के आकाराचे, सेकंदाला साठ फ्रेम्सचे चित्रीकरण जुन्या संगणकावर अडखळत चालते, तो त्रासही याच रूपांतराने कमी होतो. केवळ फाइलचे नाव एमओव्हीवरून एमपी४ असे बदलणे म्हणजे रूपांतर नव्हे, हे सांगावे लागते कारण तसे करणारे पुष्कळ आहेत. दरम्यान पॉवरपॉइंटच्या ‘इन्फो’ पानावर ‘ऑप्टिमाइझ कॉम्पॅटिबिलिटी’ हे बटण दिसत असल्यास ते आधी दाबून पाहावे. मात्र ज्या संगणकाला तो व्हिडिओ वाचताच येत नाही, त्या संगणकावर या बटणाकडून फारशी अपेक्षा ठेवू नये. त्याच पानावरील ‘कॉम्प्रेस मीडिया’ फाइलचा आकार घटवते, पण त्याबरोबर चित्राचा दर्जाही उतरतो. म्हणून मूळ प्रत वेगळी ठेवावी.

काही वेळा व्हिडिओत काहीच दोष नसतो आणि तो सुरू करण्याची सूचना तेवढी चुकलेली असते. व्हिडिओ निवडल्यावर ‘प्लेबॅक’ या टॅबमध्ये ‘स्टार्ट’ असा पर्याय दिसतो. तेथे ‘व्हेन क्लिक्ड ऑन’ असेल, तर माउसचा बाण नेमका व्हिडिओवर नेऊन टिचकी मारावी लागते; हातातल्या रिमोटचे बटण दाबल्यास थेट पुढची स्लाइड येते आणि व्हिडिओ चाललाच नाही असे वाटते. रिमोट वापरणाऱ्यांनी ‘इन क्लिक सिक्वेन्स’ किंवा ‘ऑटोमॅटिकली’ निवडावे. याच ठिकाणी ‘हाइड व्हाइल नॉट प्लेइंग’ अशी एक चौकोनी खूण आहे. तिच्यासोबत ‘व्हेन क्लिक्ड ऑन’ असेल, तर व्हिडिओ दिसतच नाही, मग त्यावर टिचकी मारणार तरी कशी? सादरीकरण चालू असताना अडचण आल्यास आल्ट आणि पी दाबून पाहावे. त्याने व्हिडिओ सुरू होतो किंवा थांबतो.

ईमेलने आलेली फाइल वर पिवळी पट्टी दाखवत ‘प्रोटेक्टेड व्ह्यू’मध्ये उघडली असेल, तर पाठवणारा ओळखीचा असल्याची खात्री करून ‘एनेबल एडिटिंग’ दाबावे. विंडोजच्या एन या आवृत्तीत मीडिया चालवणारे घटक नसतात, ते ‘मीडिया फीचर पॅक’ घालून मिळवावे लागतात. आवाज येतो पण चित्र काळे किंवा हिरवट दिसते, असे असल्यास ‘ऑप्शन्स’मधील ‘ॲडव्हान्स्ड’ विभागात स्लाइड शोचे हार्डवेअर ग्राफिक्स ॲक्सिलरेशन बंद करून पाहावे आणि ग्राफिक्सचा ड्रायव्हर अद्ययावत करावा. याउलट चित्र दिसते पण आवाज नाही, ही तक्रार एचडीएमआय जोडणीत फार आढळते, कारण केबल लावताच विंडोज आवाजही प्रोजेक्टरकडे वळवते आणि त्याला स्पीकर असेलच असे नाही. टास्कबारवरील स्पीकरच्या चिन्हातून लॅपटॉपचा किंवा सभागृहाचा स्पीकर निवडावा. झूमवर सादरीकरण करताना पडदा दाखवण्याआधी ‘शेअर साउंड’ ही खूण केली नसेल, तर आपल्याला ऐकू येणारा आवाज श्रोत्यांपर्यंत पोहोचत नाही.

यूट्यूबवरील व्हिडिओ स्लाइडमध्ये जोडला असेल, तर तो इंटरनेटवरून येत असतो; सभागृहातील जाळे यूट्यूब अडवत असल्यास किंवा व्हिडिओच्या मालकाने इतरत्र दाखवण्याची परवानगी काढून घेतल्यास पॉवरपॉइंटमध्ये काहीही करून उपयोग नाही. गूगल स्लाइड्समध्ये गूगल ड्राइव्हवरचा व्हिडिओ वापरला असेल, तर सादरीकरणाची परवानगी आणि व्हिडिओची परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी असतात, आणि दुसरी द्यायची राहून जाते. उबुंटू या लिनक्स प्रणालीवरील लिबरऑफिस इम्प्रेस हे सादरीकरणाचे सॉफ्टवेअर व्हिडिओसाठी जीस्ट्रीमर या मीडिया चालवणाऱ्या घटकावर अवलंबून असते. तेथे ‘उबुंटू रिस्ट्रिक्टेड एक्स्ट्राज’ हा संच घातल्यावर एच.२६४ चे व्हिडिओ सहसा चालू लागतात.

सभागृहातील संगणकावर आधी पोहोचता येत असेल, तर स्लाइड नुसती उघडून पाहू नये; एफ५ दाबून पूर्ण सादरीकरण सुरू करावे आणि व्हिडिओ आवाजासह शेवटपर्यंत चालू द्यावा. फाइल पेनड्राइव्हवरून थेट न चालवता त्या संगणकाच्या डेस्कटॉपवर उतरवून घ्यावी, आणि शेजारीच तोच व्हिडिओ सुट्या एमपी४ फाइलच्या रूपात ठेवावा, म्हणजे स्लाइडने दगा दिल्यास आल्ट आणि टॅब दाबून तो व्हीएलसीमध्ये लावता येतो.