नॉर्वेच्या शेतावरची ऐतिहासिक प्रेमकथा लिहिताय? या चुका टाळा

नायक-नायिकेची भेट ठरवण्याआधी दोन गोष्टी कागदावर लिहा: साल कोणतं आणि शेत कोणाचं. एकोणिसाव्या शतकातल्या नॉर्वेच्या कथा बहुतेक याच दोन जागी घसरतात.

पहिली ठेच नावाला लागते. 1860 मधला ओले, वडील लार्स, राहणार हाउगेन नावाच्या शेतावर. म्हणून तो ओले लार्सेन हाउगेन. त्याची बहीण मात्र लार्सडाटर (लार्सची मुलगी), आणि लग्नानंतरही लार्सडाटरच. 'हाउगेन' हा पत्ता. ओले दुसऱ्या शेतावर गेला की तो शब्द बदलतो. कायमच्या आडनावाची सक्ती 1923 च्या कायद्याने आली. अमेरिकेत स्थलांतर केल्यावर एक भाऊ लार्सन आणि दुसरा हाउगेन होऊ शकतो. ताटातुटीचं कथानक असेल तर हा पेच आयताच मिळतो.

त्याहून मोठी चूक म्हणजे 'हुसमान'ला कूळ म्हणून मोकळं होणं. हुसमानला मालकाच्या जमिनीत खोपटं आणि लहानसा तुकडा मिळे, बदल्यात तो मालकाकडे राबे. मालकाचा थोरला आणि हुसमानची लेक अशी जोडी जमवलीत की संघर्ष आलाच. पण बापाच्या तोंडी "तुला जमिनीतून बेदखल करतो" हे वाक्य घालू नका. पुरेशी वर्षं घराण्यात असलेल्या शेतावर थोरल्याचा ओडेल हक्क, म्हणजे घराण्याच्या जमिनीवरचा वारसाहक्क असे. शेत बाहेरच्याला विकलं तरी मुदतीत किंमत मोजून ते सोडवता येई. बापाच्या हातातलं खरं शस्त्र दिरंगाईचं: शेत मुलाच्या हवाली करायचंच नाही. हवाली करताना म्हातारा-म्हातारीसाठी करार होई. वर्षाला धान्य किती, बटाटे किती, दूध किती, सरपण कोणी आणायचं, सगळं लेखी. हा कागद नव्या सुनेसमोर वाचला जातोय, एवढा एक प्रसंग दहा भांडणांचं काम करतो.

प्रेमप्रसंगात नदीकाठच्या चोरट्या भेटी कशाला? शनिवारी रात्री तरुणांनी मुलींच्या झोपण्याच्या माडीवर जाणं ही अनेक भागांत रीतच होती. पाद्री संतापत, समाजाचे अभ्यासक आइलर्ट सुंट यांनी तर 1850 च्या दशकात त्यावर सविस्तर लिहिलं. उन्हाळ्यात मुली गाई-शेळ्या घेऊन डोंगरावरच्या सेटरवर जात आणि तिथे लोणी-चीज करत. सेटर म्हणजे फार्महाऊस नव्हे, कामाची जागा. आणि जूनमध्ये तिथे चांदण्यांचं आभाळ दाखवू नका, त्या दिवसांत नीट काळोखच पडत नाही. रोज सकाळी गरम पावही नको: कोरडी, पातळ फ्लाटब्रॉड वर्षातून मोजक्या वेळा भाजून कोठारात रचून ठेवत.

आता जहाज. 1825 मध्ये स्टावांगरहून 'रेस्टोराशियोन' अमेरिकेला स्थलांतर करणाऱ्या 52 जणांना घेऊन निघालं आणि वाटेत एक बाळ जन्मून न्यूयॉर्कला 53 जण पोचले. पण 1850-60 च्या दशकांत बहुतेक शिडाची जहाजं कॅनडातल्या क्वेबेकला जात. प्रवास कित्येक आठवड्यांचा, शिधा आपापला. पुढे आगबोटींच्या काळात आधी इंग्लंडमधलं हल बंदर, तिथून रेल्वेने लिव्हरपूल, मग अटलांटिक. 1868 च्या नायिकेला न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर उतरवलंत तर पंचाईत: तिथलं स्थलांतरितांचं केंद्र 1892 चं, स्वातंत्र्यदेवीचा पुतळाही 1886 चा. तिच्या बटव्यात क्रोनरही नकोत. क्रोनर 1875 पासूनचे, त्याआधी स्पेसिडालर, एकाचे चार क्रोनर. जुना नॉर्वेजियन 'मील' सुमारे 11.3 किलोमीटरचा. त्याला इंग्रजी मैल समजलात तर तीन तासांची पायपीट अर्ध्या तासात उरकते.

अमेरिकेतली जमीनही फुकट पडलेली नव्हती. 1862 च्या होमस्टेड कायद्यात 160 एकर मिळत, पण पाच वर्षं राहून कसल्यावर, आणि परदेशी माणसाला आधी नागरिकत्वाचा इरादा नोंदवावा लागे. एकवीस वर्षांची अविवाहित स्त्री स्वतः अर्ज करू शके. नवऱ्यासोबत राहणारी बायको सहसा नाही. म्हणून तुमची नायिका लग्न लांबवत असेल, तर कारण दुसऱ्या पुरुषात शोधण्याआधी शेजारच्या 160 एकरांकडे बघा.