प्रोग्रॅमला भलताच युजर दिसतोय? विंडोजवर असा शोध घ्या

लॉगिन एकाचं, प्रोग्रॅमच्या कोपऱ्यात नाव दुसऱ्याचं. किंवा नाव बरोबर, पण सेटिंग आणि जुन्या फायली गायब. विंडोज १० किंवा ११ वर असं झालं की बहुतेक जण प्रोग्रॅम काढून पुन्हा टाकतात, आणि दुखणं तिथंच राहतं. स्क्रीनसमोर कोण बसलंय याच्याशी प्रोग्रॅमला देणंघेणं नसतं. ज्या खात्याने त्याला सुरू केलं, ते त्याचं खातं. तेव्हा आधी ते कोणतं, ते बघा.

प्रोग्रॅम चालू ठेवून कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकत्र दाबा. टास्क मॅनेजरच्या 'डिटेल्स'मध्ये त्याच्या ओळीतलं 'युजर नेम' वाचा. कॉलमच्या शीर्षकावर राइट क्लिक करून 'सिलेक्ट कॉलम्स'मधून 'सेशन आयडी' (प्रोग्रॅम कोणत्या लॉगिन सत्रात चालतोय त्याचा क्रमांक) आणि 'एलिव्हेटेड' (तो ॲडमिनच्या अधिकाराने चालतोय का) हेही घ्या. नावाचा रकाना रिकामा असेल तर प्रोग्रॅम बहुधा दुसऱ्या खात्यावर चालतोय. टास्क मॅनेजर ॲडमिन म्हणून उघडा, नाव दिसेल. मग साधा कमांड प्रॉम्प्ट उघडून 'हू ॲम आय' हे तीन शब्द रोमनमध्ये सलग टाइप करा. येणारं उत्तर म्हणजे तुमचं खरं लॉगिन.

दोन्ही नावं वेगळी निघाली तर संशयित ठरलेला: 'रन ॲज ॲडमिनिस्ट्रेटर'. साध्या खात्यावरून असं करताना ॲडमिनचा पासवर्ड दिला की प्रोग्रॅम त्या ॲडमिनचाच होतो. डॉक्युमेंट्स, ॲपडेटा (प्रोग्रॅम आपली माहिती ठेवतात ते फोल्डर), रजिस्ट्रीतली (विंडोजच्या सेटिंगच्या कोठारातली) सेटिंग, सगळं त्याचं. इन्स्टॉल संपताना 'आता सुरू करा' ही खूण राहिली तरी हेच होतं, आणि पहिली सगळी माहिती ॲडमिनच्या प्रोफाइलमध्ये, म्हणजे त्याच्या खात्याच्या फोल्डर-सेटिंगमध्ये, जाऊन बसते. ती खूण काढा आणि प्रोग्रॅम नेहमी स्टार्ट मेनूतून उघडा. शॉर्टकटच्या प्रॉपर्टीज, 'कम्पॅटिबिलिटी'मध्ये ॲडमिनची टिक असेल तर तीही काढा. 'चेंज सेटिंग्ज फॉर ऑल युजर्स'मध्येही डोकावा. टिक काढल्यावर प्रोग्रॅम रुसला, तर तो बहुधा 'प्रोग्रॅम फाइल्स' फोल्डरमध्ये काहीतरी लिहू पाहतोय. अशा वेळी फक्त त्याच्या डेटा फोल्डरवर युजरला 'मॉडिफाय' परवानगी द्या. सगळ्यांना ॲडमिन करून टाकणं हा इलाज नव्हे.

नाव एकच, पण 'एलिव्हेटेड' समोर 'येस' आणि नेटवर्क ड्राइव्ह दिसत नाही? मॅप केलेली ड्राइव्ह अक्षरं साध्या आणि ॲडमिन सेशनला वेगवेगळी असतात. अक्षराऐवजी सर्व्हरच्या नावासह पूर्ण पत्ता द्या. नाव 'सिस्टिम' आणि सेशन ० असेल तर प्रोग्रॅम सर्व्हिसमधून (पडद्यामागे चालणाऱ्या कामातून) किंवा टास्क शेड्युलरमधून (ठरल्या वेळी कामं सुरू करणाऱ्या साधनातून) सुटलाय. टास्क शेड्युलर असेल तर त्या टास्कच्या 'जनरल'मध्ये युजर बदला आणि 'रन ओन्ली व्हेन युजर इज लॉग्ड ऑन' निवडा.

खातं बरोबर असूनही नाव चुकत असेल, तर प्रोग्रॅम ते फोल्डरवरून ओळखत असावा. मायक्रोसॉफ्ट खात्याने विंडोज बसवलं की युजर फोल्डरला सहसा ईमेलची पहिली पाचच अक्षरं मिळतात, आणि खात्याचं नाव नंतर बदललं तरी फोल्डर तोच राहतो. तो हाताने बदलू नका. रजिस्ट्रीतल्या प्रोफाइललिस्टमध्ये जुनाच पत्ता असतो. पुढच्या लॉगिनला तात्पुरतं प्रोफाइल उघडू शकतं. तसं झालं की इव्हेंट व्ह्यूअरच्या 'ॲप्लिकेशन'मध्ये १५११ क्रमांकाची नोंद सापडते.

आपल्याकडची खास अडचण म्हणजे खात्याचं नाव मराठीत ठेवणं. देवनागरीला विंडोजमध्ये जुन्या पद्धतीचं कोडपेज (अक्षरांना क्रमांक देणारा तक्ता) नाही, त्यामुळे युनिकोड (सगळ्या लिप्यांसाठीची एकच पद्धत) न जाणणाऱ्या जुन्या प्रोग्रॅमना फोल्डरचा पत्ता प्रश्नचिन्हांची रांग दिसतो आणि फाइल उघडतच नाही. रोमन नावाने नवं स्थानिक खातं काढा, एकदा लॉगिन करून फोल्डर तयार होऊ द्या, आणि मगच नाव मराठीत करा.

आणि प्रोग्रॅममध्ये दिसणारं खातं ऑनलाइन सेवेचं असेल, तर विंडोजच्या लॉगिनला दोष देऊ नका. प्रोग्रॅममधून साइन आउट करा, तो बंद करा, कंट्रोल पॅनेलच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये (साठवलेले पासवर्ड असतात तिथे) 'विंडोज क्रेडेन्शियल्स'खालची त्या सेवेचीच नोंद काढा, आणि पुन्हा साइन इन करा. त्याआधी पासवर्ड आठवतोय ना, एवढं बघा.