बर्फ वितळवणारा ड्राइव्हवे: काँक्रीट ओतण्याआधीची तयारी

बेळगाव, खानापूर, निपाणीकडची कितीतरी मुलं आता अमेरिका-कॅनडात घरं घेऊन राहिली आहेत. मग बांधकामाची किंवा वायरिंगची जाण असलेल्या बाबांना व्हिडिओ कॉलवर विचारणा होते, 'ड्राइव्हवेखाली हीटिंग केबल टाकून घेऊ का?' ड्राइव्हवे म्हणजे रस्त्यापासून घरापर्यंतची गाडीची वाट; काँक्रीटमध्ये पुरलेली ही केबल विजेवर तापून वरचा बर्फ वितळवते. कणकुंबी-जांबोटीत पाऊस झोडपत असतो, तेच महिने तिकडे या कामाचे. डिसेंबरात विचारलं तर पुढच्या उन्हाळ्यापर्यंत फावडंच मारावं लागणार.

कोटेशन मागवण्याआधी विजेचा भार काढायला सांगा. एका चौरस फुटाला ५० वॅट धरतात. २० बाय ३० फुटांचा ड्राइव्हवे म्हणजे ६०० चौरस फूट, म्हणजे ३० किलोवॅट. हेस्कॉमकडे (आपल्याकडच्या वीज कंपनीकडे) घरासाठी एवढा भार मागायला गेलात तर 'कारखाना काढताय काय?' म्हणून विचारतील. तिकडच्या २४० व्होल्टवर हे १२५ अँपिअर होतात, आणि सर्किट सव्वापट धरून आखायचं असतं, म्हणजे १५६. घराचं मुख्य पॅनेल २०० अँपिअरचं असेल, तर बाकीच्या घराला काय उरलं ते मोजा. जुनं १०० चं असेल तर विषयच संपला.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे: सगळा ड्राइव्हवे तापवू नका. चाकांखालचे दोन-दोन फुटांचे दोन पट्टे घेतले तर १२० चौरस फुटांत, ६ किलोवॅटमध्ये काम भागतं. वाचलेल्या पैशांत दारापुढच्या पायऱ्या आधी घ्या. हिवाळ्यात आई-बाबा राहायला आले तर घसरणार ते तिथेच, गाडीत नव्हे.

विजेच्या बिलाचा अंदाजही आधीच घ्यावा. चार इंच भुसभुशीत बर्फ वितळवायला चौरस मीटरला साधारण एक युनिट लागतं, तेही वारा आणि जमीन उष्णता खेचतात ते सोडून. खालून जाणारी उष्णता अडवायला स्लॅबखाली कडक फोमचे बोर्ड घालता येतात. वितळलेलं पाणी कुठे जाणार, हे मात्र उतार काढतानाच ठरवा. ते फाटकापाशी साचलं की रात्रीत गोठून तिथेच काचेसारखा बर्फ तयार होतो.

आता खरी मेख. हीटिंग केबल कापून लांबी जुळवता येत नाही. छोटी केली की रोध (रेझिस्टन्स) घटतो, करंट वाढतो आणि केबल जळते. तेव्हा मापाचीच मागवा. पॅनेलकडे जाणारी न तापणारी लीड (जोडवायर) तेवढी कमी करता येते. केबलच्या फेऱ्या एकमेकींवर येऊ देऊ नका आणि एक्स्पान्शन जॉइंट (काँक्रीट फुगायला ठेवलेली फट) ओलांडायचा असेल तर कंपनीने सांगितलेल्या पद्धतीनेच. काँक्रीटमधल्या सळ्यांच्या जाळीला बांधताना बायंडिंग वायर नको, प्लास्टिकचे टाय वापरा. केबलवर किमान दीड इंच काँक्रीट हवं. वर डांबर घालणार असाल तर त्याची उष्णता सोसणारी केबल आहे ना, हे आधीच विचारा.

रीडिंगच्या बाबतीत मी हट्टी आहे. केबल खोक्यातून काढल्यावर, जाळीला बांधून झाल्यावर, काँक्रीट ओतताना आणि ओतून झाल्यावर, चारही वेळा रोध मोजून लेबलवरच्या आकड्याशी ताडा आणि मेगरने (इन्सुलेशन तपासायच्या मीटरने) इन्सुलेशन तपासून लिहून ठेवा. ओतताना मीटर जोडलेलाच ठेवा, कारण फावड्याचा घाव बसतो तो याच वेळी, आणि तो तेव्हाच कळला तर केबल उघडून दुरुस्त करता येते. अंतराची टेप शेजारी पसरून फोटो काढा. उद्या कोणी रेलिंगसाठी ड्रिल मारणार असतो.

जोडणी तिथल्या परवानाधारक इलेक्ट्रिशियननेच करायची, परमिट काढून. आपण कितीही वायरिंग केलेलं असलं तरी. ग्राउंड-फॉल्ट संरक्षण (करंट जमिनीकडे गळला की वीज तोडणारं) तिथल्या नियमाने लागतंच. सेन्सर ओल आणि थंडी दोन्ही पाहणारा घ्या. नुसत्या थर्मोस्टॅटवर कोरड्या थंडीतही मीटर पळत राहील. बर्फ थांबल्यावर पृष्ठभाग सुकेपर्यंत काही वेळ चालू राहण्याची सोय त्यात हवी.

आणि काँक्रीट ओतून झाल्यावर घाईने स्विच दाबून बघायचा मोह आवरा. साधारण २८ दिवस क्युरिंग होऊ द्या.