कोलेस्ट्रॉलची गोळी आणि पायदुखी : या चुका टाळा

अॅटोरव्हास्टॅटिन ही स्टॅटिन गटातली कोलेस्ट्रॉलची गोळी सुरू झाली, महिन्याभरात मांड्या भरून यायला लागल्या आणि आबांनी कुणालाही न विचारता गोळी सोडून दिली. रावेर-यावलकडे असं सर्रास ऐकू येतं. सगळ्यात घातक चूक हीच. हृदयाच्या रक्तवाहिनीत स्टेंट (जाळी) टाकलेल्या पेशंटला पुष्कळदा एकच कॅप्सूल देतात आणि तिच्यातच अॅस्पिरिन, क्लोपिडोग्रेलही असतं. ती सोडली की रक्ताची गुठळी रोखणारं औषधही सुटतं, स्टेंट बंद पडून अटॅक येऊ शकतो. आधी पाकिटामागची नावं नातवाकडून वाचून घ्या, मग डॉक्टरांना फोन करा.

दुखणं गोळीचंच कशावरून? स्टॅटिनचं दुखणं बहुधा दोन्ही बाजूंना, मांड्या, पोटऱ्या, खांद्यांत असतं. गोळी सुरू केल्यावर किंवा डोस वाढवल्यावर काही आठवड्यांत जाणवतं. एकच गुडघा धरला असेल तर कारण दुसरीकडे शोधा. थायरॉइड आणि ड जीवनसत्त्वही तपासा. मे महिन्यात जळगावचा पारा ४५ ला टेकतो, तेव्हा रात्री पोटरीत येणारे गोळे पाणी कमी पडल्यानेही येतात.

सीपीकेची, म्हणजे स्नायूंना इजा झाली का हे दाखवणारी रक्ताची तपासणी करताना तर फारच गफलत होते. दिवसभर केळीचे घड वाहून गाडी भरायची आणि दुसऱ्या सकाळी रक्त द्यायचं! निव्वळ कष्टानेही हा आकडा चांगलाच वाढतो आणि घरचे हबकतात. दोन-तीन दिवस जड काम थांबवून मगच रक्त द्या.

गजकर्णासाठी मेडिकलवरून परस्पर आणलेली इट्राकोनॅझोल किंवा खोकल्यासाठीची क्लॅरिथ्रोमायसिन अॅटोरव्हास्टॅटिनचं रक्तातलं प्रमाण वाढवते. चालू गोळ्या दाखवल्याशिवाय ही औषधं घेऊच नका.

लघवी काळ्या चहासारखी झाली किंवा पायातली ताकदच गेली, तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. असं क्वचितच होतं, पण त्यात स्नायू झडून किडनी निकामी होऊ शकते.

२०२० च्या सॅमसन अभ्यासात त्रासामुळे स्टॅटिन सोडलेल्यांना काही महिने खरी, काही महिने नकली गोळी दिली. खऱ्या गोळीवर जेवढा त्रास झाला, त्याच्या सुमारे ९० टक्के नकलीवरही झाला. दुखणं खोटं नव्हतं, पण बहुतेकांचं औषधामुळे नव्हतं. त्यातले निम्मे पुढे पुन्हा गोळी घेऊ लागले. आणि खरंच सोसत नसेल तर डॉक्टर डोस कमी करतात, स्टॅटिन बदलतात, रोसुव्हास्टॅटिन ही दुसरी स्टॅटिन दिवसाआड देतात किंवा इझेटिमाइब हे कोलेस्ट्रॉलचं वेगळं औषध जोडतात.