बायबलमधले राजे वाचताना या चुका टाळा

शास्त्राभ्यासाच्या वर्गात शमुवेलाचं पहिलं पुस्तक काढलं, की आठव्या अध्यायात कुणीतरी हात वर करतंच. इस्राएलचे वडीलजन रामा इथं येऊन राजा मागतात आणि परमेश्वर शमुवेल संदेष्ट्याला सांगतो, त्यांनी तुला नाही, मला नाकारलं आहे. तिथून आठ अध्याय पुढं जा. तोच परमेश्वर शमुवेलाला शिंगात तेल भरून बेथलेहेमला पाठवतो, दावीदाचा राजा म्हणून अभिषेक करायला. मग देवाला राजा हवा होता की नको?

कित्येक वर्षं मी याचं एका वाक्यात उत्तर देत असे: लोकांनी हट्ट केला, देवानं तो पुरवला. आता देत नाही, कारण मजकूर तसं म्हणत नाही. बायबलमधला देवाचा राजेपणा आणि माणसाचं राजपद यांचं नातं एका वाक्यात मावणारं नाही. वाचताना आपण जिथं घसरतो त्या जागा ओळखता येतात, आणि त्यातल्या बऱ्याच जागी मी स्वतः घसरलो आहे.

आठवा अध्याय एकटाच वाचणं

शमुवेलाचा आठवा अध्याय सुटा वाचला तर राजसत्ता हेच पाप वाटतं. शास्ते पुस्तकाचं शेवटचं वाक्य सुटं वाचलं, की त्या काळी इस्राएलात राजा नव्हता आणि जो तो आपल्याला बरं दिसेल ते करी, तर राजा नसणं हाच रोग वाटतो. दोन्ही वाक्यं एकाच शास्त्रात आहेत आणि दोन्ही खरी धरायची आहेत.

आधी वडीलजनांची बाजू समजून घ्या. त्यांची तक्रार खोटी नव्हती. शमुवेलाचे मुलगे लाच खात होते, न्याय विकत होते. खोट होती ती मागणीतल्या एका शब्दात: इतर सर्व राष्ट्रांसारखा राजा. आमच्यापुढं चालणारा, आमच्या लढाया लढणारा कुणीतरी त्यांना हवा होता, आणि मिसरातून, म्हणजे इजिप्तमधून, निघाल्यापासून ते काम परमेश्वर करत आला होता.

मग शमुवेल त्यांना राजाची रीत सांगतो. तो उतारा मोठ्यानं वाचावा, म्हणजे एकच क्रियापद कानावर आदळत राहतं: घेईल. मुलगे घेईल, रथांपुढं धावायला. मुली घेईल, सुगंधी द्रव्यं करायला, स्वयंपाकाला, भाकरी भाजायला. उत्तम शेतं, द्राक्षमळे, जैतुनाचे बाग घेईल. धान्याचा दशांश घेईल, कळपांचा दशांश घेईल. दशांश हा शब्द इथं सहज आलेला नाही. तो देवाचा वाटा आहे, आणि राष्ट्रांसारखा राजा नेमका त्याच वाट्यावर हात ठेवतो.

पण पुढच्याच अध्यायात, पहिला राजा शौल याला निवडताना, देव म्हणतो की माझ्या लोकांची आरोळी माझ्यापर्यंत पोचली आहे, म्हणून पलिष्ट्यांच्या हातून त्यांना सोडवायला मी एक माणूस पाठवतो. जळत्या झुडपातून मोशेशी बोलताना हीच भाषा होती. म्हणजे राजा रागानं दिलेला नाही. सोडवणुकीसाठी दिला आहे. शौलाच्या अभिषेकाच्या वेळी हिब्रू मजकूर त्याला 'मेलेख' म्हणजे राजा म्हणत नाही, 'नागीद' म्हणतो: पुढारी, नेमलेला अधिपती. आपल्या भाषेत ज्याला कारभारी म्हणता येईल असा.

इथं अडलात तर इतिहासाच्या पहिल्या पुस्तकाचा २९ वा अध्याय उघडा. तिथं लिहिलं आहे की दावीदाचा मुलगा शलमोन 'परमेश्वराच्या सिंहासनावर' बसला. दावीदाच्या नाही, स्वतःच्या नाही. राजाची कुठलीही गोष्ट वाचताना मी आता हे एकच विचारतो: या माणसाला आसन कुणाचं आहे हे आठवतंय का?

तोंडानं आठवणं पुरत नाही, हेही शास्ते पुस्तक दाखवून देतं. मी तुमच्यावर राज्य करणार नाही, परमेश्वर करील, असं गिदोन नावाचा शास्ता म्हणाला खरा. पण लागलीच लोकांकडून सोनं मागून घेतलं, पुष्कळ बायका केल्या आणि एका मुलाचं नाव ठेवलं अबीमलेख, म्हणजे 'माझा बाप राजा आहे'.

'अभिषिक्त' ऐकून रायगड आठवणं

ही खास आपली, मराठी वाचकाची अडचण आहे. अभिषेक म्हटलं की डोळ्यांपुढं ६ जून १६७४ चा रायगड येतो, गागाभट्ट येतात, नद्यांचं जल येतं. घरातली पिंडी आणि तिच्यावरची संततधारही येते. हिब्रू क्रियापद 'माशाख' मात्र तेलाचं आहे: तेल लावणं, चोपडणं. राजाला तेल लावत, याजकालाही लावत, निवासमंडपातल्या भांड्यांनाही लावत. तेल लागलेली वस्तू किंवा माणूस देवाच्या कामासाठी वेगळा काढलेला असे. त्यातून आलेलं 'माशियाख' हे नाम, त्याचाच ग्रीक 'ख्रिस्तोस', आणि आपला 'ख्रिस्त'.

म्हणूनच यशयाच्या ४५ व्या अध्यायात इराणचा राजा कोरेश याला परमेश्वर आपला अभिषिक्त म्हणतो. कोरेश इस्राएली नाही आणि परमेश्वराला ओळखतही नाही. अध्यायातच तसं म्हटलं आहे. पण इ.स.पू. ५३९ मध्ये बाबेल पाडून बंदिवान यहूद्यांना घरी जाऊ देण्याचं काम त्याच्याकडून व्हायचं होतं. अभिषिक्त म्हणजे काम सोपवलेला, हे इथं स्वच्छ दिसतं.

याच शब्दाचा एक गैरवापर मला फार खुपतो. 'माझ्या अभिषिक्तांना हात लावू नका' हे १०५ व्या स्तोत्रातलं वाक्य पुढाऱ्यांना प्रश्न विचारणाऱ्यांची तोंडं बंद करायला वापरलं जातं. आधीची ओळ वाचा. देवानं त्यांच्यासाठी राजांना दटावलं, असं ती म्हणते. अभिषिक्त आहेत अब्राहाम, इसहाक, याकोब: जमीन नसलेली, तंबूत राहणारी, परमुलखात भटकणारी माणसं. दटावणी सत्ताधाऱ्यांना आहे. ते वाक्य सत्तेच्या रक्षणासाठी वापरणं म्हणजे ते उलटं धरणं.

राजाला देवाचा अंश समजणं

'नाविष्णुः पृथिवीपतिः' हे आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या ऐकलेलं वचन. राजा हा विष्णूचा अंश. त्याच कानांनी दुसरं स्तोत्र ऐकलं, 'तू माझा पुत्र आहेस, आज मी तुला जन्म दिला आहे', की दावीदाच्या घराण्यात दैवी रक्त वाहतं असं वाटू लागतं. शेजारच्या मिसरात तसं मानतही. फारो हा सूर्यदेव रा याचा पुत्र.

'आज' या शब्दावर थांबा. गादीवर बसणारा माणूस कधीच जन्मलेला आहे. सियोन या यरुशलेमच्या डोंगरावर त्या दिवशी होतंय ते दत्तकविधानासारखं काहीतरी आहे. दत्तकाला घराण्याचं नाव मिळतं आणि घराण्याची शिस्तही लागू होते. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकात, सातव्या अध्यायात, नाथान संदेष्टा दावीदाला हेच सांगतो: तुझा वंशज माझा पुत्र होईल, आणि त्यानं अधर्म केला तर मी त्याला काठीनं शिक्षा करीन. पाच अध्यायांनंतर हाच नाथान दावीदानं घडवून आणलेल्या उरीयाच्या खुनाबद्दल दावीदासमोर उभा राहतो आणि म्हणतो, तो मनुष्य तूच आहेस. दावीद त्याला गप्प करत नाही.

आणखी एक छोटा प्रसंग आहे, सहसा कुणी याकडे लक्ष देत नाही. अरामाचा राजा नामान नावाच्या आपल्या कोडी सेनापतीला पत्र देऊन इस्राएलच्या राजाकडे धाडतो: याला बरं कर. राजे दैवी असतात असं धरणाऱ्याला ही मागणी साधीच वाटावी. इस्राएलचा राजा पत्र वाचून कपडे फाडतो. मारायला आणि जिवंत करायला मी देव आहे काय?

नव्या करारात दुसरं स्तोत्र येशूबद्दल येतं तेव्हा ते याहून पुष्कळ जास्त म्हणतं. पण किती जास्त, हे कळायला मुळातला अर्थ आधी ऐकलेला असावा लागतो.

नाबोथाच्या मळ्याची गोष्ट लोभापुरती ठेवणं

मुलांच्या शब्बाथ शाळेत ही गोष्ट 'दुसऱ्याच्या वस्तूची हाव धरू नये' म्हणून सांगतात. एवढ्यावर थांबलं तर तिचा कणाच हरवतो.

इज्रेलात इस्राएलचा राजा अहाब याच्या वाड्याला लागून नाबोथाचा द्राक्षमळा आहे. अहाबाचा देकार वाईट नाही: याहून चांगला मळा देतो, नाहीतर रोख पैसे घे. नाबोथ म्हणतो, माझ्या वाडवडिलांचं वतन मी देणार नाही, परमेश्वर ते न करो. मराठी बायबलनं इथं 'वतन' हा शब्द वापरला हे आपलं भाग्य. वतनासाठी माणसं काय करतात हे मराठी वाचकाला समजावून सांगावं लागत नाही. पण नाबोथाच्या 'नाही'मागं घराण्याच्या अभिमानापेक्षा मोठं काही आहे. लेवीय २५ मध्ये परमेश्वर म्हणतो, जमीन माझी आहे, तुम्ही माझ्याजवळ उपरे म्हणून राहता. खरा मालक सिंहासनावर बसलेला नाहीच, म्हणून कुळवाडी राजाला नाही म्हणू शकतो.

आता अहाबाकडे पाहा. तो रुसून बिछान्यावर पडतो, जेवत नाही. पण मळा हिसकावत नाही. आपली हद्द त्याला ठाऊक आहे. त्याची राणी ईजबेल सीदोनी राजाची मुलगी. तिच्या माहेरच्या राजपदाला अशी हद्द नसावी. इस्राएलावर राज्य तूच करतोस ना, असं ती विचारते, आणि राजाच्या मोहरेनं पत्रं जातात, दोन खोटे साक्षीदार उभे राहतात, नाबोथ दगडांखाली मरतो. राजपदाच्या दोन कल्पना एका मळ्यात भिडल्या, आणि मग एलीया संदेष्टा येऊन अहाबाला विचारतो: खून करून वतनही घेतलंस काय?

बाबेलच्या हम्मुराबीची कायद्याची शिळा आठवा. ती आज पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात आहे. तिथं कायदे राजा देतो, राजाच्या नावानं. इस्राएलात नियमशास्त्र सिनाय पर्वतावर आलं, पहिल्या राजाच्या कितीतरी आधी. अनुवाद पुस्तकाच्या १७ व्या अध्यायानुसार राजानं गादीवर बसल्यावर करायचं काम म्हणजे त्या शास्त्राची नक्कल स्वतःसाठी उतरवून घेणं आणि जन्मभर ती वाचणं, आपल्या भाऊबंदांपेक्षा त्याचं मन उंच होऊ नये म्हणून.

कर्तृत्वानं राजे मोजणं

अनुवादाच्या त्याच अध्यायात तीन मनाया आहेत. राजानं फार घोडे बाळगू नयेत आणि घोड्यांसाठी लोकांना मिसरात धाडू नये. फार बायका करू नयेत. सोनंरुपं फार साठवू नये. हे पान उघडं ठेवून राजांच्या पहिल्या पुस्तकाचे १० व ११ हे अध्याय वाचा. वर्षाला ६६६ किक्कार (वजनाचं जुनं माप) सोनं. १४०० रथ, १२००० स्वार, घोडे मिसरातून आणलेले. ७०० राण्या, ३०० उपपत्नी. मी हे वर्षानुवर्षं शलमोनाचं वैभव म्हणून वाचत होतो. लेखकानं दहाव्या अध्यायात रागाचा एक शब्द लिहिलेला नाही, फक्त आकडे मांडले आहेत.

उलट अहाबाचा बाप, राजा अम्री याला अवघी सहा वचनं मिळाली. त्यानं शोमरोन ही राजधानी वसवली आणि नंतरही अश्शूरी लेखांत इस्राएलला 'अम्रीचं घराणं' म्हणत. बायबलच्या लेखकाला त्या कीर्तीशी देणंघेणं नव्हतं.

'स्वर्गाचे राज्य' म्हणजे मेल्यावर जायची जागा

तपासायला एक सोपी जागा आहे. मत्तय १९ मधली २३ आणि २४ ही वचनं ओळीनं वाचा. श्रीमंताचा प्रवेश कठीण आहे हे सांगताना पहिल्यात 'स्वर्गाचे राज्य' आहे, दुसऱ्यात 'देवाचे राज्य'. गोष्ट एकच. 'स्वर्ग' हा इथं देवाचं नाव आदरानं टाळणारा शब्द आहे.

'राज्य' या मराठी शब्दानंही घोळ होतो, कारण आपल्याला त्यात सीमा आणि नकाशा दिसतो. ग्रीक 'बासिलेया'त आधी राजेपण येतं, प्रदेश मागून. लूक १९ मधला उमराव 'राज्य मिळवून परत यावं' म्हणून दूर देशी जातो. तो प्रदेश आणायला जात नाही, राजपदाचा अधिकार आणायला जातो. येशूच्या श्रोत्यांना हे ओळखीचं होतं. यहूद्यांवर राज्य करणाऱ्या हेरोदाला राजा ही पदवी इ.स.पू. ४० मध्ये रोमच्या सिनेटनं दिली होती, आणि तो मेल्यावर इ.स.पू. ४ मध्ये त्याचा मुलगा अर्खेलाव तिच्यासाठी रोमला गेला होता. म्हणून 'देवाचे राज्य जवळ आले आहे' हे ऐकताना 'देवाची सत्ता सुरू होते आहे' असं ऐकून पाहा. वाक्य एकदम जमिनीवर उतरतं.

ही कल्पना नव्या करारानं निर्माण केली असंही धरू नये. ९३ व्या स्तोत्रापासून पुढं 'परमेश्वर राज्य करतो' हा घोष पुन्हा पुन्हा येतो. आपल्या कोकणातले बेने इस्राएल यहूदी भाकरीवर किंवा द्राक्षरसावर आशीर्वाद म्हणतात तेव्हाही सुरुवात हीच: 'बारूख अता अदोनाय, एलोहेनु मेलेख हाओलाम', विश्वाचा राजा.

'माझे राज्य या जगाचे नाही' या येशूच्या, रोमी सुभेदार पिलातासमोरच्या वाक्याचाही असाच घात होतो. ते उगमाबद्दल आहे: ते इथून निघालेलं नाही. इथं त्याचं काही काम नाही, असा त्याचा अर्थ नव्हे. आणि रोमकरांस पत्राचा १३ वा अध्याय सत्तेला बिनशर्त होकार म्हणून पुढं करणाऱ्यांनी त्यात अधिकाऱ्याला देवाचा 'सेवक' म्हटलंय हे पाहावं, आणि शेजारी प्रेषितांची कृत्ये ५:२९ ठेवावं: आम्ही मनुष्यांपेक्षा देवाची आज्ञा मानली पाहिजे.

एवढं झाल्यावर शमुवेलाच्या आठव्या अध्यायात खूण घालून योहान १९ वाचा. पिलात विचारतो, तुमच्या राजाला वधस्तंभावर खिळू काय? मुख्य याजक उत्तर देतात, कैसराशिवाय, म्हणजे रोमी सम्राटाशिवाय, आम्हाला कोणी राजा नाही. वल्हांडणाच्या तयारीचा दिवस आहे, फारोच्या हातून सुटल्याची आठवण करण्याचा. थोड्याच वेळात वधस्तंभावर हिब्रू, लॅटिन आणि ग्रीक अशा तीन भाषांत पाटी लागते, 'यहूद्यांचा राजा', आणि तीच माणसं पिलाताकडे येऊन म्हणतात, ती बदला.