जनरेटर पडवीत नको: कोकणातल्या पावसात पेट्रोलचा जनरेटर कसा चालवायचा

गणपती जवळ आले की आमच्याकडे दापोली साईडला प्रत्येक वाडीत दोन-तीन तरी नवे जनरेटर येतात, मुंबईहून येणारा चाकरमानी गाडीच्या डिकीत टाकून घेऊन येतो नाहीतर इथेच मंडपवाल्याकडून भाड्याने आणतो, कारण आरती ऐन रंगात आली की लाईट जाणार हे सगळ्यांना तोंडपाठ आहे. मशीन सोपं आहे, दोरी ओढली की चालू. पण हे सोपंच अंगावर येतं. मी स्वतः एकदा थोडक्यात वाचलोय म्हणून हे सगळं लिहितोय, जरा लांबेल.

३ जून २०२० ला निसर्ग वादळ श्रीवर्धन-दिवेआगर पट्ट्यात किनाऱ्याला लागलं आणि दापोली, मंडणगडही झोडपून गेलं. आमच्या आगारातले माड-पोफळी आडव्या, विजेचे खांब कमरेत मोडलेले, लाईट यायला कितीतरी दिवस लागले. चौथ्या-पाचव्या दिवशी मी एक भाड्याचा जनरेटर मिळवला, विहिरीवरचा पंप आणि मोबाईल चार्जिंग एवढंच काम. दिवसभर खळ्यात, म्हणजे अंगणात, चालवला, काही प्रॉब्लेम नाही. रात्री पाऊस आला आणि मी तो उचलून पडवीत घेतला, म्हटलं पडवी तर उघडीच आहे, एका बाजूला नुसत्या लाकडी पट्ट्या, वर कौलं उडालेली आणि ताडपत्री टाकलेली, वारा इकडून तिकडे जातोय, धूर कुठे कोंडणार.

तासाभरात काकूचं डोकं चढलं. मग भाच्याला उलटी. आई म्हणाली दुपारी बरक्या फणसाचे गरे हादडलेत, पित्त झालंय, आमसुलाचं पाणी द्या. ते दिलं पण. मग काका उलटीला म्हणून मागच्या दारी गेले, दहा-पंधरा मिनिटं तिथेच पायरीवर बसले, म्हणाले आता बरं वाटतंय, आत आले आणि परत गरगरायला लागलं. तेव्हा माझी ट्यूब पेटली. बाहेर गेलं की बरं आणि आत आलं की वाईट, असं पित्त नसतं. जनरेटर बंद केला, सगळ्यांना अंथरुणासकट उचलून पावसात गोठ्याच्या वळचणीला नेऊन बसवलं. झोपलो असतो तर सकाळी कोणी उठलं असतं की नाही, माहीत नाही.

तर प्रकार असा की पेट्रोल इंजिनाच्या धुरात कार्बन मोनॉक्साईड असतो, त्याला ना रंग ना वास. जो वास येतो तो धुरातल्या बाकीच्या गोष्टींचा, त्यामुळे वास येत नाही म्हणजे गॅस नाही असं समजू नका. ऑक्सिजनपेक्षा दोनशेपट जास्त घट्ट तो रक्तातल्या हिमोग्लोबिनला चिकटतो, मग श्वास चालू असतो पण शरीराला ऑक्सिजन पोचत नाही. वजनाला जवळपास हवेइतकाच, म्हणजे खालीही बसत नाही आणि वरही निघून जात नाही, सगळीकडे पसरतो. आणि आपली जुनी घरं आठवा, पडवी-ओटी-माजघर यांच्यामधल्या भिंती कौलापर्यंत जातात का? वर सगळं मोकळंच असतं, आढ्याखालून एका खोलीची हवा दुसऱ्या खोलीत. पडवीतला धूर माजघरात जायला दार लागत नाही.

अजून एक, कोविडपासून घराघरात ते बोटाला लावायचं ऑक्सिमीटर आहे. ते इथे फसवतं. कार्बन मोनॉक्साईड चिकटलेलं रक्त त्याला ऑक्सिजनवालंच वाटतं, माणूस अर्धमेला असला तरी ९८ दाखवेल. तोंडाला मास्क बांधूनही उपयोग नाही, एन-९५ असला तरी. बॅटरीवर चालणारा कार्बन मोनॉक्साईड अलार्म मिळतो, तो झोपायच्या खोलीत लावा. तोही जनरेटर लांब ठेवूनच. अलार्म आहे म्हणून जनरेटर जवळ आणायचा नाही.

आता जागा. घरापासून कमीत कमी २० फूट, दारं-खिडक्यांपासून लांब, सायलेन्सरचं तोंड घराच्या उलट दिशेला. शेजाऱ्याच्या खिडकीकडेही नाही हं, आमच्याकडे घरं इतकी चिकटून की आपला वीस फूट म्हणजे त्यांची ओटी होते. पावसाळ्यात वारा समुद्राकडून, पश्चिम-नैऋत्येकडून येतो, म्हणून शक्यतो घराच्या पूर्वेला ठेवा म्हणजे धूर घरावर येत नाही. वारा फिरला की मात्र उठून बघायचं. पडवी, गोठा, माडी, जिन्याखाली, गाडीची शेड, विहिरीवरची पंपाची खोली, यातलं काहीही चालणार नाही. दार उघडं ठेवलं, पंखा लावला, तरी नाही.

पण पावसाचं काय, हा खरा प्रश्न. बाकी जगाला सांगणं सोपं आहे की बाहेर ठेवा. इथे बाहेर म्हणजे चार महिने धो धो पाणी, आणि ओल्या मशीनमधून करंट घेणं म्हणजे दुसरं मरण. त्यामुळे जो तो शेवटी जनरेटर आत ओढतोच, मीही ओढला. यावर एकच उपाय, जागा मे महिन्यातच तयार करून ठेवायची. मी काय केलंय सांगतो. खळ्याच्या टोकाला, घरापासून पंचवीस-एक फुटांवर, चार जीआय पाईप रोवले, वर उतरता पत्रा आणि पत्रा चारी बाजूंनी दीड-दोन फूट बाहेर काढलेला. भिंत एकही नाही. झावळ्या नाहीत, ताडपत्री नाही, पावसाची झड आत येते म्हणून कोणी पश्चिमेला गोणपाट बांधायला गेलं तरी मी बांधू देत नाही, कारण एक बाजू बांधली की दुसरी पण बांधली जाते. खाली जांभ्याचे चिरे दोन थर लावून सपाट ओटा केला, म्हणजे पागोळीचं पाणी खालून वाहून जातं. जनरेटर सपाटच हवा, तिरका असला तर ऑईल एका बाजूला जातं. आणि तिरप्या पावसाने मशीनवर थेट पाणी येत असेल तर तेवढा वेळ बंद, कंदील आहेत, मेणबत्त्या आहेत, देवाला चालतं. हात ओले, पाय ओले, अशा अवस्थेत हात लावायचा नाही.

वायरचं आता. शेडपासून घरापर्यंत चांगली रबरी थ्री-कोअर केबल, तांब्याची, २.५ स्क्वेअर एमएमच्या खाली जाऊ नका. मंडपातली ती पातळ दोन पदरी पांढरी-लाल वायर नको. रीळवाला एक्स्टेन्शन असेल तर पूर्ण उलगडून वापरा, गुंडाळलेल्या रिळावर लोड टाकला की आतल्या आत तापून इन्सुलेशन वितळतं. केबल चिखलातून, दाराच्या फटीत चेंगरून न्यायची नाही, जोड उघड्यावर द्यायचा नाही.

आणि आता ते भयंकर काम जे अर्धं गाव करतं. दोन्ही टोकांना थ्री-पिन टॉप लावलेली वायर, एक टोक जनरेटरमध्ये आणि दुसरं घरातल्या सॉकेटमध्ये खुपसायचं की अख्खं घर चालू. मेन स्विच पाडला की झालं, असं म्हणतात. विसरला मग? किंवा घरातल्या कोणीतरी बघायला म्हणून वर केला? तुमचे २३० व्होल्ट मीटरमधून उलटे बाहेर जातात, डीपीवर पोचतात, आणि डीपीचा ट्रान्सफॉर्मर उलट्या बाजूने त्याचे ११,००० व्होल्ट करतो. खांबावर कोण असतो? आपलाच वायरमन, जो पावसात भिजत तुमची लाईट जोडायला चढलाय आणि लाईन बंद आहे असं समजून चाललाय. शिवाय त्या वायरचं एक टोक निघालं की उघड्या पिना हातात आणि त्यात करंट. लायसन असलेल्या वायरमनकडून चेंजओव्हर स्विच बसवून घ्या, फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारा, दोन पोलचा. एका वेळी एकच बाजू, लाईन नाहीतर जनरेटर, जोडली जाते, विसरायचा प्रश्नच नाही. ते होईपर्यंत फ्रीज, पंखा, जे काय असेल ते थेट जनरेटरवरून एक्स्टेन्शनवर. अर्थिंगचंही त्यालाच विचारा, आपल्याकडे कातळावर रॉड जात नाही आणि गेला तरी धड अर्थ लागत नाही. बऱ्याच छोट्या जनरेटरचा न्यूट्रल अर्थला जोडलेला नसतो, अशा वेळी घरातला आरसीसीबी, म्हणजे करंट गळला की आपोआप पडणारा स्विच, पडेलच असं नाही, त्याच्या भरवशावर राहू नका.

लोडचं गणित पटकन सांगतो. बॉडीवर दोन आकडे असतात, मॅक्सिमम आणि रेटेड. दुकानदार मोठा सांगतो, तुम्ही छोटा धरा आणि त्याच्याही पाऊणभागच वापरा. एलईडी बल्ब ९ वॅट, जुना पंखा ७५, फ्रीज चालताना दीडशे-दोनशे पण कॉम्प्रेसर सुरू होताना कितीतरी जास्त. पंपाचं तर विचारूच नका, १ एचपी म्हणजे ७४६ वॅट हे कागदावर, सुरू होताना दुप्पट-तिप्पट ओढतो, म्हणून दोन किलोवॅटच्या जनरेटरवर पंप लावायचा तर बाकी सगळं काढून आधी एकटा पंप. गिझर, इस्त्री, इंडक्शन विसरा. मोदकांचं सारण गॅसवरच होतं.

चालू करताना ऑईलची काडी बघायची, दरवेळी. पेट्रोलचा कॉक उघडा, थंड इंजिन असेल तर चोक द्या, स्विच ऑन, आणि लोडचे सगळे टॉप काढलेले. दोरी हळू ओढत अडकते तिथपर्यंत आणायची आणि मग एक जोरदार हिसका, सोडताना हातानेच परत जाऊ द्यायची, नाहीतर ती सपकन जाऊन आदळते. चोक हळूहळू काढा, दोन-तीन मिनिटं रिकामा चालू द्या, मग एकेक वस्तू लावा, मोटरवाली आधी. बंद करताना उलटं, आधी लोड काढायचा.

पेट्रोल भरणं. आरती चालू आहे, पेट्रोल संपत आलंय, बंद केला तर अंधार, म्हणून चालू मशीनमध्ये बाटलीने ओततात. मी हे डोळ्याने बघितलंय, एका हातात मोबाईलचा टॉर्च, दुसऱ्या हातात कोल्ड्रिंकची बाटली, आणि चार बोटांवर तापलेला सायलेन्सर, थेंब पडला की चर्र आवाज. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत सरपटत जाते आणि थेट लांबच्या निरांजनापर्यंत, बिडीपर्यंत पोचते. बंद करा, पंधरा-वीस मिनिटं थांबा, मग भरा, आरतीच्या आधीच भरून ठेवा ना. टाकी गळ्यापर्यंत नको. कॅन पेट्रोलसाठीचाच घ्या, झाकण घट्ट, आणि घरात नाही, चुलीपाशी तर नाहीच, लांब सावलीत ठेवा. सांडलं तर पुसून, मशीन दुसऱ्या जागी सरकवून, वाफ उडाल्यावरच दोरी ओढायची.

कोणाचं डोकं दुखतंय, गरगरतंय, मळमळतंय, झोप येतेय, आणि एकापेक्षा जास्त जणांना एकदम होतंय, तर चर्चा नको. सगळ्यांना उघड्यावर काढा, म्हातारी माणसं आणि पोरं आधी, जनरेटर बंद करा, १०८ ला फोन करा. डॉक्टरला पहिलं वाक्य हेच सांगायचं की घरात जनरेटरचा धूर होता, नाहीतर तोही पित्ताचीच गोळी देईल. साध्या हवेत तो गॅस रक्तातून अर्धा उतरायला चार-पाच तास जातात, हॉस्पिटलमधल्या ऑक्सिजनवर तासा-दीड तासात उतरतो, म्हणून बरं वाटलं तरी जायचंच. आणि कोणाला शॉक लागून चिकटलं असेल तर त्याला हात न लावता आधी जनरेटर बंद.

विसर्जन झालं की मशीन तसंच टाकून मुंबईला पळू नका. हल्लीच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी ओढतं, आणि आपल्या हवेत पाण्याला काय तोटा. सहा महिन्यांनी कार्ब्युरेटर चोकअप आणि दोरी ओढून खांदा निखळायची वेळ. टाकी रिकामी करा, कॉक बंद करून इंजिन आपोआप बंद पडेपर्यंत चालवा. मागे राहणाऱ्या कोणाला तरी थोडं ताजं पेट्रोल देऊन महिन्यातून एकदा पंधरा मिनिटं चालवायला सांगितलं तर अजून बरं, पण तेही शेडमध्येच. खाऱ्या वाऱ्याने स्क्रू आणि सॉकेटच्या पिना हिरव्या पडतात, कोरड्या फडक्याने पुसा. कव्हर पूर्ण थंड झाल्यावरच घाला. आणि पुढच्या वर्षी दोरी ओढायच्या आधी सायलेन्सरमध्ये आणि एअर फिल्टरच्या डब्यात बघा, माझ्याकडे एकदा उंदराने नारळाच्या काथ्याचं अख्खं घरटं केलं होतं, पिल्लांसकट.