स्क्लेरल फिक्सेशन करताना गाठ नीट कशी मारायची

हे डोळ्यांच्या सर्जरीचं ट्रेनिंग चालू असलेल्यांसाठी आहे. कॅप्सूलचा (नैसर्गिक लेन्सच्या पिशवीचा) आधारच उरला नसेल तर कृत्रिम लेन्स स्क्लेराला (डोळ्याच्या पांढऱ्या भिंतीला) टाक्याने अडकवावी लागू शकते, आणि तेव्हा सगळे लेन्सच्या पॉवरवर तासभर चर्चा करतात पण गाठ कशी मारायची यावर कोणी बोलत नाही.

आधी धागा. १०-० प्रोलीन (पॉलिप्रॉपिलीनचा फार बारीक धागा) काही वर्षांनी झिजून तुटू शकतं, मग लेन्स एका बाजूने खाली लोंबते, त्यामुळे तरुण पेशंटला तर ते नकोच, जरा जाड ९-० घ्या किंवा गोरटेक्स (डोळ्यासाठी ते ऑफ-लेबल, म्हणजे अधिकृत मान्यता नसलेला वापर आहे, पेशंटला तसं सांगून कन्सेंट घ्यायची). जागा समोरासमोर, बरोबर १८० अंशांवर, प्रोलीनला लिंबसच्या (कॉर्निया आणि पांढरा भाग मिळतात त्या कडेच्या) मागे साधारण दीड ते दोन मिमी. डोळा म्हणजे घड्याळाची तबकडी धरली तर ३ आणि ९ वाजताची जागा टाळायची, तिथे लाँग पोस्टेरियर सिलिअरी रक्तवाहिन्या असतात, सुई लागली की रक्त.

हॅप्टिकला (लेन्सच्या बाजूच्या दांडीला) आयलेट, म्हणजे छोटं भोक, असलेली पीएमएमए (कडक प्लास्टिकची) लेन्स असेल तर तिथे गाठ मारूच नका, काऊ हिच करा. म्हणजे दोन सुयांच्या धाग्याचा मधला लूप आयलेटमधून काढायचा, हॅप्टिकच्या टोकावरून उलटा टाकायचा आणि ओढायचा, खुंट्याला दावं अडकवतात तसं. डोळ्याच्या आत गाठच नाही म्हटल्यावर सुटणार काय.

बाहेरची गाठ ३-१-१. पहिले तीन वेढे, मग एकेक उलटसुलट दिशेने, नाहीतर गाठ सरकते. दोन्ही टोकं स्क्लेराला समांतर ओढायची, वर उचलून ओढलं की गाठ आडवी बसत नाही. एक बाजू पूर्ण घट्ट करून मग दुसरीकडे जायचं नाही! दोन्हीकडे आधी तात्पुरती सरकती गाठ, इन्फ्युजन (डोळ्यात द्रव सोडणारी नळी) चालू ठेवून डोळा भरलेला असताना लेन्स मध्यावर आहे का ते बघायचं, आणि मगच लॉक करायचं, कारण मऊ पडलेल्या डोळ्यात लावलेला ताण डोळा भरला की बदलतो आणि लेन्स तिरकी होते. जोर लावून ओढलं तरी तेच होतं. गोरटेक्सला तर ही सरकती गाठ फारच सोयीची आहे, तो धागा मुळात गुळगुळीत.

मग गाठ लपवणं. हे आळसाने सोडलं जातं आणि पुढे महागात पडतं. प्रोलीनची टोकं ताठ असतात, कन्जंक्टायव्हा (स्क्लेरावरचा पातळ पडदा) कुरतडून बाहेर आली की तिथून जंतू थेट आत, म्हणजे एन्डोफ्थॅल्मायटिसची (डोळ्याच्या आतल्या गंभीर इन्फेक्शनची) भीती. म्हणून गाठ फिरवून सुईच्या भोकात आत सरकवायची, किंवा फ्लॅपखाली (स्क्लेराच्या उचललेल्या पातळ पदराखाली) अथवा हॉफमन पॉकेटमध्ये (स्क्लेराच्या जाडीत केलेल्या खिशात) ठेवायची. फ्लॅपखाली असेल तर टोकं जरा लांब ठेवा, आडवी पडतात, अगदी आखूड कापली की काट्यासारखी उभी राहतात.

गाठच नको असेल तर झेड-सुचर, स्क्लेराच्या जाडीतून झिगझॅग पाच वेळा सुई फिरवायची आणि धागा कापायचा. मला प्रोलीनला हाच आवडतो. फक्त सुई खोल गेली की डोळ्यात शिरते आणि वरवर गेली की धागा दिसायला लागतो, म्हणून आधी खाटकाकडून बोकडाचे डोळे आणून त्यावर हात बसवा, स्क्लेराची जाडी हाताला कळल्याशिवाय पेशंटवर नको.